मोटारीची बॅटरी : उन्हाळ्यात खंगते, हिवाळ्यात बसते

मराठवाड्यात मोटारीची बॅटरी बसल्याचे लक्षात येते ते बहुधा मार्गशीर्ष-पौषातल्या एखाद्या थंड सकाळी, आणि म्हणून दोष थंडीच्या माथी मारला जातो. प्रत्यक्षात तिचे आयुष्य कुरतडण्याचे काम आधीच्या चैत्र-वैशाखातच होऊन गेलेले असते आणि थंडी ते फक्त उघडकीस आणते. नांदेड गोदावरीच्या खोऱ्यात, समुद्रसपाटीपासून सुमारे ३६० मीटर उंचीवर वसलेले असल्याने मे महिन्यात तेथील दुपारचे तापमान ४२ अंश सेल्सिअसच्या आसपास राहते, तर बालाघाटच्या पठारावर सहाशे मीटरहून अधिक उंचीवर असलेले लातूर त्या मानाने दोन-तीन अंशांनी सौम्य असते. तरीही बॅटरीच्या दृष्टीने ही दोन्ही शहरे अवघडच, कारण तिला मानवणारे तापमान २५ ते २७ अंशांच्या जवळपासचे असते. थंड देशांतील मोटारमालकांसाठी लिहिलेला सल्ला, ज्यात सगळा भर गोठवणाऱ्या थंडीवर असतो, तो नांदेडच्या एमएच-२६ किंवा लातूरच्या एमएच-२४ क्रमांकाच्या गाडीला म्हणूनच जसाच्या तसा लागू पडत नाही.

मोटारीच्या बॅटरीत एकमेकांना ओळीने जोडलेले सहा घट असतात. पूर्ण भारित अवस्थेत प्रत्येक घट सुमारे २.१ व्होल्ट विद्युतदाब देतो, त्यामुळे व्यवहारात जिला बारा व्होल्टची बॅटरी म्हणतात तिचा दाब पूर्ण भारित असताना १२.६ ते १२.७ व्होल्ट भरतो. प्रत्येक घटात शिशाच्या जाळीवर लेप देऊन बनवलेल्या दोन प्रकारच्या पट्ट्या, ज्यांना कारागीर प्लेटा म्हणतात, आलटून-पालटून उभ्या केलेल्या असतात. धन पट्टीवर शिशाचा डायऑक्साइड, ऋण पट्टीवर सच्छिद्र शिसे आणि दोहोंच्या मध्ये पाण्यात मिसळलेले गंधकाम्ल, म्हणजेच सल्फ्युरिक ॲसिड, अशी ही मांडणी असते. पुन्हा पुन्हा भारित करता येणारा हा घट फ्रान्समधील गास्तों प्लांते यांनी १८५९ मध्ये सिद्ध केला आणि पट्टीवर लेप देण्याची सुधारणा कामीय फोर यांनी १८८१ मध्ये केली. मोटारीशी त्याची गाठ पक्की बांधली गेली ती १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत चार्ल्स केटरिंग यांनी विकसित केलेला विजेचा स्टार्टर बसवला गेला तेव्हा. तोपर्यंत इंजिन पुढून हँडल मारून फिरवावे लागे आणि ते हँडल उलटून अनेकांचे हात मोडत. एक्साइड कंपनीच्या चिंचवड, तळोजा आणि अहिल्यानगर येथील कारखान्यांतून आज बाहेर पडणाऱ्या मोटारीच्या बॅटऱ्याही मूलतः याच शिसे-आम्ल रचनेच्या असतात, म्हणून प्लांते यांच्या घटाला जे रासायनिक नियम लागू होते तेच आजच्या गाडीलाही लागू आहेत.

बॅटरी वीज देऊ लागली की दोन्ही प्रकारच्या पट्ट्यांवरील द्रव्याचे हळूहळू शिशाच्या सल्फेटात रूपांतर होते आणि आम्लातील गंधकाचा अंश पट्ट्यांत गेल्याने मागे उरणारा द्राव पातळ होत जातो. हीच क्रिया उलट दिशेने घडवणे म्हणजे चार्जिंग. सल्फेट ताजे असते तोवर ते बारीक कणांच्या रूपात असते आणि चार्जिंगच्या वेळी सहज विरघळते. परंतु बॅटरी कित्येक दिवस किंवा आठवडे अर्धवट उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली तर त्या कणांचे मोठे, कठीण स्फटिक बनतात, ते पट्टीचा पृष्ठभाग झाकून टाकतात आणि मग कितीही वेळ चार्जिंगला लावली तरी पट्टीचा तेवढा भाग कामी येत नाही. या विकाराला सल्फेशन म्हणतात. बॅटरी एकदा पूर्ण उतरली म्हणून ती लगेच निकामी होत नाही, उतरलेल्या अवस्थेत किती काळ राहिली यावर तिचे भवितव्य ठरते, ही गोष्ट मोटारमालकांना सहसा कोणी सांगत नाही. बसलेली बॅटरी त्याच दिवशी चार्जिंगला लावणे आणि पंधरा दिवसांनी सवडीने लावणे यांत नव्या बॅटरीच्या किमतीएवढा फरक पडू शकतो.

उष्णतेचा परिणाम याहून खोल आणि दुरुस्त न होणारा असतो. रासायनिक क्रियांचा वेग तापमानाबरोबर वाढतो आणि शिसे-आम्ल बॅटरीच्या बाबतीत ढोबळ नियम असा आहे की दर १० अंशांच्या वाढीमागे आपोआप उतरण्याचा वेग साधारण दुप्पट होतो आणि अपेक्षित आयुष्य निम्म्याकडे येते. नांदेडमध्ये उन्हात उभ्या असलेल्या गाडीच्या बॉनेटखाली मे महिन्यात दुपारी हवेपेक्षा कितीतरी अधिक उष्णता कोंडते, आणि इंजिन चालू असताना गर्दीत अडकलेल्या गाडीत तेथील तापमान ६० अंशांच्याही पुढे जाते. या उष्णतेत धन पट्टीची शिशाची जाळी झिजते, तिच्यावरचा लेप सुटून तळाशी साचू लागतो आणि पाण्याची वाफ होऊन तसेच चार्जिंगच्या वेळी पाण्याचे हायड्रोजन व ऑक्सिजनमध्ये विघटन होऊन घटांतील पातळी खाली जाते. उष्ण प्रदेशांसाठीच्या बॅटऱ्यांत आम्ल मुद्दाम थोडे सौम्य ठेवतात ते याच झिजेला आवर घालण्यासाठी. गंमत अशी की उन्हाळ्यात ही झीज जाणवत नाही, कारण उष्णतेने क्रिया जलद होत असल्याने अशक्त बॅटरीही तेव्हा जोराने वीज देते आणि इंजिनाचे तेलही पातळ असल्याने सेल्फला, म्हणजे इंजिन फिरवणाऱ्या छोट्या मोटरीला, जोर कमी लागतो. डिसेंबरात पहाटेचे तापमान दहा अंशांच्या आसपास उतरले की तेल घट्ट होते, क्रिया मंदावते आणि झिजलेल्या पट्ट्यांना आवश्यक तो प्रवाह देता येत नाही. निरोगी बॅटरीला दहा अंशांची थंडी मुळीच जड जात नाही, हे लक्षात घेतले म्हणजे नांदेड-लातूरच्या हिवाळ्यावर ठेवला जाणारा ठपका किती चुकीचा आहे ते कळते.

घटांतील पातळी भरून काढण्याचा विषय या भागात विशेष महत्त्वाचा ठरतो. आज अनेक बॅटऱ्या झाकण न उघडणाऱ्या, देखभालमुक्त म्हणून विकल्या जातात. पण ज्यांना सहा झाकणे आहेत त्यांत पाणी टाकावेच लागते आणि ते डिस्टिल्ड वॉटर, म्हणजे वाफ करून पुन्हा थंड केलेले क्षारविरहित पाणी असावे लागते. दख्खनच्या बेसाल्ट खडकातून येणारे बोअरवेलचे पाणी कॅल्शियम व मॅग्नेशियमच्या क्षारांनी जड झालेले असते, आणि त्यातील लोह व क्लोराइड यांसारखे घटक पट्ट्यांवर घातक क्रिया घडवून बॅटरी आतल्या आत उतरवत राहतात. लातूरला २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते; अशा टंचाईच्या प्रदेशात टँकरचे किंवा बोअरचे पाणी हाताशी आहे म्हणून बॅटरीत ओतले जाणे समजण्यासारखे असले, तरी एका बाटलीभर डिस्टिल्ड वॉटरची किंमत पाहता ही काटकसर महागात पडते. घरातील आरओ यंत्राच्या पाण्यातही थोडे क्षार शिल्लक असतात, आणि एसीच्या नळीतून ठिबकणारे पाणी दिसायला स्वच्छ असले तरी तांबे-ॲल्युमिनियमच्या नळ्यांवरून व धुळीतून आलेले असते, त्यामुळे या दोहोंनाही डिस्टिल्ड पाण्याची जागा देऊ नये. पातळी कमी दिसली म्हणून वरून आम्ल ओतणे तर सर्वस्वी चूक आहे. उडून जाते ते पाणी, आम्ल आत तसेच राहते, त्यामुळे नव्याने घातलेल्या आम्लाने द्राव अति तीव्र होऊन जाळी अधिकच वेगाने झिजते.

आता बॅटरी उतरण्याच्या सर्वांत सामान्य कारणाकडे वळता येईल. गाडी वारंवार चालू-बंद केल्याने बॅटरी संपते असा समज सर्वत्र आहे आणि तो थोडा हिशोब केला की टिकत नाही. लहान मोटारीत सेल्फ मारताना साधारण १५० ॲम्पिअर प्रवाह दोन सेकंद लागला असे धरले, तर त्यात खर्च होणारा विद्युतभार एका ॲम्पिअर-तासाच्या बाराव्या हिश्श्याएवढा, म्हणजे सुमारे ०.०८ ॲम्पिअर-तास भरतो. एक ॲम्पिअर प्रवाह तासभर वाहिला की जेवढा भार जातो त्याला एक ॲम्पिअर-तास म्हणतात आणि लहान गाड्यांत साधारण ३५ ॲम्पिअर-तास क्षमतेची बॅटरी असते. एवढासा खर्च अल्टरनेटर, म्हणजे इंजिनाच्या पट्ट्यावर फिरून वीज निर्माण करणारे यंत्र, दोन-तीन मिनिटांत भरून काढतो. दुसरीकडे, गाडी कुलूप लावून उभी असतानाही तिचे घड्याळ, मध्यवर्ती लॉक, चोरीची सूचना देणारी घंटी आणि इंजिनाचे नियंत्रण करणारा संगणक हे सर्व थोडी-थोडी वीज घेत असतात. हा प्रवाह २० ते ५० मिलिॲम्पिअर असणे सामान्य मानले जाते. ५० मिलिॲम्पिअर प्रवाह चोवीस तास वाहिला की १.२ ॲम्पिअर-तास भार जातो. अर्थात गाडी एक दिवस नुसती उभी राहिली तर चौदा वेळा सेल्फ मारण्याइतकी वीज खर्ची पडते.

या आकड्यांचे प्रत्यंतर २०२० च्या वसंतात आले. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागू झाली, तिचा पहिला टप्पा १४ एप्रिलपर्यंतचा होता आणि पुढे तो ३ मेपर्यंत वाढवला गेला. या चाळीस दिवसांत ५० मिलिॲम्पिअर घेणाऱ्या गाडीने ४८ ॲम्पिअर-तास भार मागितला असता, म्हणजे ३५ ॲम्पिअर-तासाच्या बॅटरीत मुळात असतो त्याहूनही अधिक. २० मिलिॲम्पिअरवर राहणाऱ्या काटकसरी गाडीचीही बॅटरी तेवढ्या काळात निम्म्याहून खाली गेली असती, आणि त्यात मराठवाड्यातील एप्रिलच्या उष्णतेने होणाऱ्या आपोआप उतरण्याची भर वेगळीच. टाळेबंदी उठल्यावर दारापुढील गाड्या चालू होईनात यात नवल असे काही नव्हते. टाळेबंदी गेली, पण गाडी उभी राहण्याची कारणे या भागात पुष्कळ आहेत: मुले पुण्याला किंवा हैदराबादला नोकरीला आणि घरची गाडी आई-वडिलांच्या दारात झाकून ठेवलेली, किंवा मुलांच्या शिकवणीसाठी कुटुंब लातुरात खोली घेऊन राहिलेले आणि गाडी गावाकडच्या वाड्यात, ही परिस्थिती घरोघरी आढळते.

त्यात नंतर बसवलेल्या जोड-उपकरणांची भर पडते. मोठी म्युझिक सिस्टिम, जादा दिवे, कर्ज देणाऱ्याने लावलेले जीपीएस यंत्र, गाडी उभी असतानाही चित्रण करणारा डॅश कॅमेरा, यांची जोडणी बहुधा चावीच्या स्विचमधून न घेता थेट बॅटरीवरून घेतली जाते आणि चावी काढली तरी ती चालूच राहतात. उघडी राहिलेली डिकी किंवा नीट न लागलेले दार यामुळे आतला पाच वॅटचा दिवा रात्रंदिवस जळत राहिला तर तो एकटाच चोवीस तासांत दहा ॲम्पिअर-तास खातो, तर प्रत्येकी ५५ वॅटचे दोन हेडलाइट चुकून चालू राहिले तर तीच लहान बॅटरी चार तासांच्या आत रिकामी होते. बटण दाबून चालू होणाऱ्या गाड्यांची चावी गाडीजवळच्या खुंटीवर अडकवली तर गाडीचा संगणक तिच्याशी संपर्क ठेवत जागा राहू शकतो, म्हणून ती काही मीटर लांब ठेवावी. अशी छुपी गळती आहे का हे ऑटो इलेक्ट्रिशियन ॲम्पिअर मोजणारा चिमटा-मीटर ऋण तारेभोवती लावून पाहू शकतो. मात्र गाडी बंद करून कुलूप लावल्यानंतर तिच्यातील यंत्रणा शांत व्हायला अर्धा तास किंवा त्याहून अधिक वेळ लागतो, तो जाऊ दिल्याशिवाय घेतलेला आकडा फसवा असतो. प्रवाह अधिक आढळल्यास फ्यूज एकेक करून काढावेत, आणि ज्या फ्यूजनंतर आकडा खाली येईल त्याच वाटेवर दोष आहे असे समजावे.

गाडी चालू होत नाही एवढ्यावरून बॅटरी बसली असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरते. चावी फिरवल्यावर दिवे मंद होऊन नुसता टक्-टक् आवाज येत असेल तर बॅटरीत दम उरलेला नाही किंवा तिच्या टर्मिनलवरची, म्हणजे वरच्या दोन खुंट्यांवरची पकड सैल अथवा गंजलेली आहे. दिवे लख्ख आणि सेल्फ मुकाट असेल तर संशय सेल्फवर किंवा त्याच्या वायरिंगवर घ्यावा. आणि सेल्फ जोरात फिरूनही इंजिन घेत नसेल तर बॅटरीचा काही दोष नाही. पहिल्या प्रकारात सर्वप्रथम टर्मिनल पाहावेत. त्यांवर पांढरी-हिरवी भुकटी साचलेली असेल तर आधी ऋण, मग धन अशा क्रमाने पकडी सोडवाव्यात, खाण्याचा सोडा घातलेल्या गरम पाण्याने व जुन्या ब्रशने त्या घासाव्यात, सोड्याचे पाणी घटांत जाणार नाही याची दक्षता घ्यावी आणि कोरड्या करून जोडताना आधी धन व शेवटी ऋण लावावी. ऋण तार आधी काढण्यामागे कारण आहे: गाडीचा सगळा पत्रा ऋण अग्राशी जोडलेला असतो, त्यामुळे धन पकड सोडवताना पाना पत्र्याला टेकला तर ऋण तार जागेवर असताना थेट शॉर्टसर्किट होते. जोडून झाल्यावर वरून पेट्रोलियम जेलीचा पातळ थर दिला की भुकटी पुन्हा लवकर धरत नाही. कित्येक वेळा एवढ्यावरच गाडी चालू होते आणि नव्या बॅटरीचा खर्च वाचतो.

बॅटरी खरोखरच उतरली असेल तर दुसऱ्या वाहनाच्या बॅटरीवरून जंपर केबलने गाडी चालू करता येते, परंतु वीज कोणाकडून घ्यायची याचा विचार आधी झाला पाहिजे. दुसरी मोटार उत्तम. भारतातील बहुतेक ट्रॅक्टरांची विद्युतव्यवस्थाही बारा व्होल्टची असल्याने खेड्यात ट्रॅक्टरची बॅटरी कामी येते. ट्रॅक्टरचे इंजिन मात्र त्या वेळी बंद ठेवावे, कारण जुन्या ट्रॅक्टरचे दाब-नियंत्रण मोटारीच्या संगणकाला पुरेसे विश्वासार्ह नसते. ट्रक आणि एसटी बस यांत दोन बॅटऱ्या ओळीने जोडून चोवीस व्होल्टची व्यवस्था केलेली असते, त्यामुळे त्यांच्याशी मोटार कधीही जोडू नये. तसे केल्यास क्षणार्धात हजारो रुपयांची इलेक्ट्रॉनिक यंत्रणा जळते. भारनियमनाने मराठवाड्यातील घराघरांत इन्व्हर्टर पोहोचवला आणि त्याची मोठी बॅटरीही बहुधा बारा व्होल्टचीच असते; तिच्या पट्ट्या जाड, नळ्यांच्या आकाराच्या आणि सावकाश, तासन्‌तास वीज देण्यासाठी घडवलेल्या असतात, तर मोटारीच्या बॅटरीतील पट्ट्या पातळ व अनेक असून काही सेकंदांत मोठा प्रवाह देण्यासाठी असतात. अडल्या वेळी इन्व्हर्टर बंद करून व त्याच्या तारा सोडवून ती बॅटरी एखाद्या वेळी वापरता येईल, परंतु ही तिची नित्याची भूमिका नव्हे आणि मोटारीची बॅटरी इन्व्हर्टरला जोडणे तर दोघांच्याही अहिताचे आहे.

जोडणीचा क्रम चुकवू नये. दोन्ही गाड्या एकमेकींना न टेकता जवळ उभ्या कराव्यात, दोन्हींची इंजिने, दिवे, एसी बंद करावेत, हातातील अंगठी व घड्याळ काढावे, आणि कडे काढता येत नसेल किंवा काढायचे नसेल तर त्यावर कोरडे कापड घट्ट गुंडाळावे, कारण धातूची वस्तू दोन अग्रांमध्ये आली तर ती क्षणात लालबुंद होते. लाल तारेचा एक चिमटा आधी उतरलेल्या बॅटरीच्या धन अग्रावर व दुसरा चांगल्या बॅटरीच्या धन अग्रावर लावावा. काळ्या तारेचा चिमटा नंतर चांगल्या बॅटरीच्या ऋण अग्रावर आणि सर्वांत शेवटी तिचे दुसरे टोक बंद पडलेल्या गाडीच्या इंजिनाच्या रंग नसलेल्या धातूवर, बॅटरीपासून दूर लावावे. शेवटची जोडणी करताना ठिणगी पडतेच, आणि उतरलेल्या किंवा चार्ज होत असलेल्या बॅटरीतून हायड्रोजन वायू निघत असतो. ती ठिणगी बॅटरीवरच पडली तर स्फोट होऊन आम्ल चेहऱ्यावर उडू शकते, एवढ्यासाठी हा नियम आहे. मग चांगल्या मोटारीचे इंजिन पाच-दहा मिनिटे चालू ठेवून बंद पडलेल्या गाडीचा सेल्फ मारावा, तोही एका वेळी पाच-सात सेकंदांपेक्षा अधिक नाही, आणि गाडी चालू झाल्यावर चिमटे बरोबर उलट क्रमाने काढावेत. केबलमधील तांबे किमान १६ चौरस मिलिमीटर जाडीचे, डिझेल गाडीसाठी २५ चौरस मिलिमीटरचे असावे. बाजारात मिळणाऱ्या स्वस्त केबलींत वरचे आवरण जाड आणि आतील तार बारीक असते, ती नुसती तापते. बॅटरीचे खोके फुगलेले असेल, तडकलेले असेल किंवा सडक्या अंड्यासारखा वास येत असेल तर मात्र जोडणीचा विचारच सोडून द्यावा.

धक्का मारून गाडी चालू करण्याची रीत फक्त हाताने गिअर बदलण्याच्या गाडीत उपयोगी पडते; स्वयंचलित गिअरच्या गाडीत ती चालत नाही. चावी चालू ठेवून, गाडी दुसऱ्या गिअरमध्ये घेऊन, क्लच दाबून तिला वेग द्यायचा आणि मग क्लच झटकन सोडायचा, एवढीच ती युक्ती. इंजिन बंद असताना ब्रेक व स्टिअरिंग दोन्ही जड होतात, म्हणून उतारावर किंवा वर्दळीत हा प्रयोग करू नये.

गाडी चालू झाली म्हणजे बॅटरी भरली असे समजून अनेक जण ती दहा मिनिटांनी पुन्हा बंद करतात आणि दुसऱ्या दिवशी तोच प्रसंग ओढवून घेतात. निम्मी उतरलेली ३५ ॲम्पिअर-तासाची बॅटरी सुमारे १७ ॲम्पिअर-तास मागते. अल्टरनेटर सुरुवातीला भरपूर प्रवाह देत असला तरी बॅटरी भरत येते तसा तो प्रवाह घटत जातो, शेवटचा पाचवा हिस्सा भरायला सर्वाधिक वेळ लागतो, आणि गाडी जागेवर उभी ठेवून इंजिन संथ चालवले, त्यातून एसी आणि दिवे लावले, तर बॅटरीच्या वाट्याला फारच थोडे येते. नांदेडातल्या वजिराबादच्या बाजारात जाऊन येण्याने ही तूट भरणार नाही. नांदेडहून अहमदपूरमार्गे लातूर गाठण्यासारखा सुमारे १४० किलोमीटरचा प्रवास ती बऱ्याच अंशी भरून काढतो. सर्वांत चांगला उपाय म्हणजे बॅटरी काढून बॅटरीवाल्याकडे संथ चार्जिंगला लावणे: क्षमतेच्या दहाव्या हिश्श्याएवढा प्रवाह, म्हणजे ३५ ॲम्पिअर-तासाच्या बॅटरीला साडेतीन ॲम्पिअर, दहा-बारा तास. तासाभरात चार्ज करून देतो असे सांगणाऱ्याकडे पट्ट्या तापून वाकतात. याच ठिकाणी गॅरेजमधील एका जुन्या सवयीचा निषेध करणे आवश्यक आहे. अल्टरनेटर चालतो का हे पाहण्यासाठी इंजिन चालू असताना बॅटरीची पकड काढण्याची रीत डायनॅमोच्या काळात खपून जाई. आजच्या गाडीत तसे केल्यास दाबाचा उसळलेला लोट संगणक जाळू शकतो. मीटरवर १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसले की अल्टरनेटर ठीक आहे, त्यासाठी काहीही सोडवावे लागत नाही.

गाडी तीन-चार आठवड्यांहून अधिक काळ उभी राहणार असेल तर बॅटरी पूर्ण चार्ज करून तिची ऋण तार काढून ठेवणे हा बिनखर्चाचा आणि खात्रीचा उपाय होय. तार काढल्यावर घड्याळ व रेडिओच्या नोंदी पुसल्या जातात, काही गाड्यांच्या काचा पुन्हा जुळवून घ्याव्या लागतात आणि दार हाताने चावी लावून उघडावे लागते. ही गैरसोय बॅटरीच्या किमतीपुढे क्षुल्लक आहे. आठवड्यातून एकदा पाच मिनिटे इंजिन चालू करून बंद करण्याच्या प्रथेने बॅटरी भरत नाही, उलट थंड इंजिनात ओल साचते. चालवायचीच असेल तर गाडी अर्धा-पाऊण तास रस्त्यावर फिरवावी. जागा असेल तर ती सावलीत, निदान दुपारनंतरच्या उन्हाकडे बॉनेट येणार नाही अशी उभी करावी. सिग्नलवर इंजिन आपोआप बंद होणाऱ्या गाड्यांना वेगळ्या जातीची, अधिक चालू-बंद सोसणारी बॅटरी लागते, तिच्या जागी साधी स्वस्त बॅटरी बसवली तर ती लवकर संपते. विजेवर चालणाऱ्या मोटारीत मोठ्या बॅटरीखेरीज एक लहान बारा व्होल्टची बॅटरीही असते आणि ती उतरली तर दारे, पडदा व संगणक यांपैकी काहीच जागे होत नाही, त्यामुळे तिच्या मालकालाही हा विषय चुकत नाही.

बॅटरी निकामी झाल्यावर तिचे काय करावे हा प्रश्न तिच्या देखभालीइतकाच महत्त्वाचा आहे. तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग शिशाचा असतो, शिसे वितळवून पुन्हा वापरता येते, आणि म्हणूनच उघड्यावर भट्टी लावून बॅटऱ्या फोडणारे तिच्या मागावर असतात. त्या धुरातील शिसे लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला कायमची इजा करते आणि ओतून दिलेले आम्ल विहिरी-बोअरच्या पाण्यात मुरते. जुन्या बॅटऱ्या परत घेण्याचे बंधन २००१ च्या नियमांनी घातले होते आणि २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी ते उत्पादकांवर अधिक काटेकोरपणे लादले आहे. नवी बॅटरी घेताना जुनी विक्रेत्याकडे जमा केली तर किमतीत सूटही मिळते. भंगारवाल्याने दोन पैसे जास्त देऊ केले तरी ती त्याला देऊ नये.

मराठवाड्यातील मोटारमालकाने वर्षातून दोन वेळा बॅटरीकडे नीट पाहिले तरी पुरेसे आहे आणि त्या दोन वेळा पंचांगातच ठरलेल्या आहेत. गुढीपाडव्याला, उन्हाळा चढण्यापूर्वी, पाण्याची पातळी पाहावी, टर्मिनल स्वच्छ करावेत आणि बॅटरी तिच्या चौकटीत घट्ट आवळलेली आहे ना ते तपासावे, कारण खड्ड्यांतील हादऱ्यांनीही पट्ट्यांवरचा लेप सुटतो. दसऱ्याला गाडी धुऊन, झेंडूचे तोरण बांधून तिची पूजा केली जाते, तेव्हा उन्हाळ्याने केलेले नुकसान होऊन गेलेले असते आणि थंडी दीड-दोन महिन्यांवर असते. त्या दिवशी तोरण बांधण्याआधी बॉनेट उघडून, रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या बॅटरीला साधा मीटर लावावा. १२.६ व्होल्ट असतील तर काळजी नको, १२.४ च्या खाली असेल तर ती चार्ज करावी, आणि पूर्ण चार्ज करूनही दुसऱ्या सकाळी आकडा १२.२ वर येत असेल किंवा सेल्फ मारताना तो ९.६ च्या खाली घसरत असेल, तर पौषातल्या पहाटेची वाट न पाहता बॅटरी तेव्हाच बदलून घ्यावी.